कमी धावायला सांगणारे गुरुजी

(मुलांसाठी, आणि मुलांना गाडीने इकडून तिकडे सोडणाऱ्या आईबाबांसाठीही)

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातला एखादा धावायचा बूट घ्या, उलटा करा आणि त्याचा तळ नीट बघा. बऱ्याच बुटांच्या तळाला रबराचे छोटे छोटे उंचवटे दिसतील. असे चौकोनी उंचवटे बुटाखाली पहिल्यांदा आले ते एका घरातल्या न्याहारीच्या भांड्यातून! ते भांडे ज्यांनी कायमचे वाया घालवले ते गृहस्थ बुटांचे कारखानदार नव्हते, आणि रसायनशास्त्रज्ञही नव्हते. ते होते अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे धावण्याचे शिक्षक, बिल बाउअरमन.

भांड्याची गोष्ट पुढे येणारच आहे. पण त्याआधी त्यांची एक मोठी गोष्ट सांगायची आहे. ज्या काळात बहुतेक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना अजून धाव, अजून धाव असे सांगत होते, त्या काळात हे गुरुजी आपल्या सर्वांत मेहनती विद्यार्थ्यांना कमी धावायला सांगत असत. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांचे विद्यार्थी जिंकत असत. हे कसे काय, ते आता पाहू.

लहानपण

बिल बाउअरमन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात झाला. त्यांचे वडील जे बाउअरमन हे वकील आणि राजकारणी होते. १९१० साली काही महिने त्यांनी ऑरेगनचे कार्यवाहक राज्यपाल म्हणून कामही पाहिले होते. पण घरात सुख टिकले नाही. बिल अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी आली. या गावाचे नाव मोठे गमतीचे आहे. त्याचे नाव फॉसिल, म्हणजे जीवाश्म! तिथल्या जमिनीत जुने जीवाश्म सापडले म्हणून गावाला ते नाव पडले.

बिलला थॉमस नावाचा जुळा भाऊ होता. दोन वर्षांचा असताना एका लिफ्टच्या अपघातात तो गेला. एवढ्या लहानपणी वडील दुरावले आणि भाऊ कायमचा गेला. पुढे मेडफर्ड या गावी शाळेत असताना बिल चांगलाच दांडगट निघाला. मारामाऱ्या करायचा, शाळेतून घरी पाठवला जायचा. अखेर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याला समोर उभे करून चांगलेच खडसावले आणि अंगातली ही रग कुठेतरी कामाला लावायला सांगितले. मुलगा सुधारला. फुटबॉल खेळू लागला, शाळेच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. याच शाळेत त्याला बार्बरा यंग भेटली. १९३६ साली त्या दोघांचे लग्न झाले आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्यांचा संसार चालला.

१९२९ साली बिल ऑरेगन विद्यापीठात दाखल झाला तो फुटबॉल खेळायला. तिथे बिल हेवर्ड नावाचे वयोवृद्ध गुरू मैदानी खेळ शिकवत असत. १९०४ सालापासून ते तिथे होते आणि विद्यापीठाच्या मैदानाला त्यांचेच नाव दिलेले होते, हेवर्ड फील्ड. त्यांनी या फुटबॉलवाल्या मुलाला धावण्याच्या संघात यायला सांगितले आणि पाय कसा टाकावा, हात कसे हलवावेत हे अगदी पहिलीपासून शिकवले. आपल्याला जे आले ते एका गुरूने थांबून, वेळ देऊन शिकवल्यामुळे आले, हे बिल कधीच विसरला नाही. पुढे स्वतः नावारूपाला आल्यावर त्यांना कोच म्हटलेले फारसे आवडत नसे. आपण शिक्षक आहोत, असे ते मानत.

शाळामास्तर, सैनिक आणि पुन्हा मास्तर

पदवी घेतल्यावर त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि फुटबॉलचा संघ सांभाळला. जीवशास्त्राचा हा मास्तर पुढे धावपटूंचा मास्तर झाला हे लक्षात ठेवा, कारण त्याचा पुढे संबंध येणार आहे.

मग दुसरे महायुद्ध आले. बाउअरमन अमेरिकन सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये होते. बर्फात आणि डोंगरात लढण्यासाठी ही तुकडी खास तयार केली होती. इटलीतल्या डोंगरांत त्यांनी कामगिरी बजावली. युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत जर्मन सैन्याच्या एका तुकडीने शस्त्रे खाली ठेवावीत म्हणून झालेल्या बोलण्यांतही त्यांचा भाग होता. त्यांना एक सिल्व्हर स्टार आणि चार ब्राँझ स्टार ही पदके मिळाली.

युद्धानंतर ते पुन्हा मेडफर्डच्या शाळेत आले. १९४७ च्या अखेरीस वृद्ध हेवर्ड गुरुजी वारले. १९४८ साली बाउअरमन युजीन गावी आपल्या जुन्या विद्यापीठात रुजू झाले आणि लवकरच गुरूच्याच जागी उभे राहिले. पुढची सुमारे चोवीस वर्षे हेवर्ड फील्ड हेच त्यांचे कर्मस्थान होते.

युजीन काही धावपटूंचे माहेरघर नव्हते. कॅलिफोर्नियात बारा महिने ऊन असते. तिथली मोठी विद्यापीठे देशभरातून चांगले खेळाडू बोलावून घेत. युजीनला हिवाळाभर पाऊस आणि चिखल. आजूबाजूला लाकूडतोडीचा धंदा आणि लाकडाच्या वखारी. अशा गावी जगज्जेते घडवायचे तर काहीतरी वेगळे करावे लागणार होते.

एक दिवस कष्ट, एक दिवस विसावा

त्या काळी समज असा होता की जो जास्त धावेल तो जास्त वेगवान होईल. बाउअरमन यांनी आपल्या मुलांना निरखायला सुरुवात केली. कोणाचा चेहरा ओढलेला आहे, कोणाची नाडी सकाळी उठल्यावरही जोरात चालते आहे, कोणाला झोप लागत नाही, कोणाला सारखी सर्दी होते. त्यांच्या ध्यानात आले की सर्वांत जास्त राबणारी मुलेच ऐन शर्यतीच्या दिवशी मागे पडतात किंवा जायबंदी होतात.

इथे जीवशास्त्राचा मास्तर जागा झाला. व्यायाम करताना स्नायू बळकट होत नसतात. व्यायामाने ते थकतात, त्यांची बारीक झीज होते. ते बळकट होतात ते नंतर, आपण जेवतो, झोपतो, आराम करतो तेव्हा. शरीर झीज भरून काढते आणि पुन्हा असा प्रसंग आला तर असावे म्हणून थोडे जास्तच भरून काढते. पण भरून काढायला वेळच दिला नाही तर? मग झीजेवर झीज होत जाते. बँकेतून रोज पैसे काढायचे आणि भरायचे कधीच नाहीत, असा तो प्रकार झाला.

म्हणून त्यांनी नियम केला. एक दिवस कसून सराव, दुसरा दिवस हलका. कोणाला एक हलका दिवस पुरे, कोणाला दोन लागतात, कोणाला त्याहून जास्त. सगळ्यांना एकच माप लावायचे नाही. प्रत्येक मुलाचा कागद वेगळा. त्यावर दोन वेग लिहिलेले असत. एक, आज तू खरोखर किती वेगाने धावू शकतोस तो. आणि दुसरा, या वर्षाच्या शेवटी तुला कुठे पोचायचे आहे तो. आजच्या वेगापासून उद्याच्या वेगाकडे थोडेथोडे सरकायचे. उद्याचा वेग आजच मागायचा नाही.

हे ऐकायला सोपे वाटते, पण मेहनती मुलांना ते पटवणे फार अवघड. केनी मूर नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. हलक्या दिवशीही हा गुपचूप मैलोन्‌मैल धावून यायचा. गुरुजींनी समजावले, ऐकले नाही. शेवटी ते खूप संतापले. तीन आठवडे दररोज फक्त तीन मैल, तेही सावकाश, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर. त्यापलीकडे एक पाऊल टाकलेस तर संघातून बाहेर, असे त्यांनी त्याला दरडावले. आपली सगळी तयारी फुकट जाणार म्हणून मूर मनात चरफडत राहिला. तीन आठवड्यांनी तो दोन मैलांच्या शर्यतीत उतरला आणि स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा वीसहून अधिक सेकंद लवकर पोचला. दोन मैलांत वीस सेकंद म्हणजे एखाद्या फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीहूनही जास्त अंतर! हाच मूर पुढे दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. १९७२ साली म्यूनिकला त्याचा चौथा क्रमांक आला. नंतर तो नावाजलेला क्रीडालेखक झाला आणि आपल्या गुरूचे चरित्रही त्यानेच लिहिले.

गुरुजींच्या सगळ्याच गोष्टी मात्र आपल्याला पटण्यासारख्या नव्हत्या. ते हट्टी होते, तिखट बोलत, आणि त्यांच्या थट्टा कधीकधी क्रूर असत. सरावानंतर गरम वाफेच्या खोलीत बसलेले असताना ते आपला किल्ल्यांचा जुडगा तापवत आणि संघात नव्या आलेल्या मुलाच्या मांडीला हळूच टेकवत. आज कोणत्याही शाळेत हे चालणार नाही, आणि चालू नयेच. थोर माणसाचे सगळे थोर असते असे नाही, हेही चरित्र वाचताना शिकायला मिळते.

संघ कसा जिंकतो

धावणे हा एकट्याचा खेळ आहे, मग संघ कसा जिंकतो असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. अमेरिकेत विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक शर्यतीतल्या, उडीतल्या आणि फेकीतल्या पहिल्या काही क्रमांकांना गुण मिळतात. सगळ्या प्रकारांतले गुण मिळून संघाचा आकडा ठरतो. म्हणजे पहिला येणारा हिरा हवाच, पण पाचवा-सहावा येऊन थोडे गुण आणणारा भालाफेक्याही तितकाच हवा.

बाउअरमन यांच्या ऑरेगन संघाने ही स्पर्धा चार वेळा जिंकली. १९६२ आणि १९६४ साली युजीनलाच, आपल्या गावकऱ्यांसमोर. १९६५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी बरोबरी करून, आणि १९७० साली तर तीन विद्यापीठांत बरोबरी होऊन. सोळा वेळा त्यांचा संघ देशातल्या पहिल्या दहांत होता. चोवीस वर्षांत फक्त एका हंगामात त्यांच्या संघाच्या हारींची संख्या जितींपेक्षा जास्त झाली.

त्यांचे काही विद्यार्थी आपण ओळखून घेऊ. जिम बेली हा ऑस्ट्रेलियातून शिकायला आलेला. ५ मे १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याने एक मैल चार मिनिटांच्या आत पार केला. अमेरिकेच्या भूमीवर हे त्याआधी कोणीही केलेले नव्हते. बिल डेलिंजर याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरचे कांस्यपदक मिळवले.

हॅरी जेरोम हा कॅनडाचा. १९६० साली त्याने १०० मीटरच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, पण १९६२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच्या मांडीचा स्नायू असा काही फाटला की तो पुन्हा धावेल का याचीच शंका होती. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने विश्रांती झाली, आणि १९६४ साली टोकियोत तो १०० मीटरचे कांस्यपदक घेऊन आला.

आणि ओटिस डेव्हिस! ही गोष्ट तुमच्या आजोबांना जरूर सांगा. डेव्हिस बास्केटबॉल खेळायला ऑरेगनला आला होता. वयाच्या पंचविशीपर्यंत तो धावण्याच्या शर्यतीत उतरलाही नव्हता. एक दिवस तो बाउअरमन यांच्याकडे गेला आणि मला संघात घ्या म्हणाला. गुरुजींनी आधी उड्या मारायला लावल्या, मग हळूहळू ४०० मीटरकडे वळवले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, डेव्हिसने ४०० मीटर ४४.९ सेकंदांत धावून सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम मिळवला. त्याआधी ४५ सेकंदांच्या आत कोणीच आलेले नव्हते. त्याच शर्यतीत चौथा कोण आला माहीत आहे? आपला मिल्खा सिंग! कांस्यपदक त्याच्या हातून सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाने निसटले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ज्या शर्यतीची हळहळ आयुष्यभर केली, ती जिंकणारा खेळाडू आपल्या या गुरुजींचा शिष्य होता.

एका औंसाचे गणित

आता बुटांकडे वळू. १९५० च्या दशकात धावण्याचे बूट जड असत. बाउअरमन यांनी बूट बनवणाऱ्या कंपन्यांना सुधारणा सुचवणारी पत्रे लिहिली. कोणी दाद दिली नाही. मग त्यांनी जुने बूट फाडून, आतून कसे असतात ते पाहून, स्वतःच बूट शिवायला सुरुवात केली.

त्यांचे गणित इतके सुंदर आहे की इंजिनिअर माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मैलात ५२८० फूट असतात. चांगल्या धावपटूचे एक पाऊल सहा फुटांचे धरा. म्हणजे एका मैलात ८८० पावले. प्रत्येक पावलाला एक बूट उचलावा लागतो. आता बुटाचे वजन फक्त एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, कमी केले तर? ८८० गुणिले एक औंस, म्हणजे ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड. किलोत सांगायचे तर जवळजवळ २५ किलो! एका मैलात तांदळाच्या एका मोठ्या पोत्याइतके ओझे उचलायचे वाचले. छोटी गोष्ट पुनःपुन्हा होत असली की ती छोटी राहत नाही, हे यातून कळते.

त्यांच्या प्रयोगाचे बूट घालून धावणाऱ्यांत फिल नाइट नावाचा एक मध्यम दर्जाचा धावपटू होता. पुढे तो स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकला आणि जपानमधून चांगले, स्वस्त बूट आणून विकायचे त्याच्या डोक्यात आले. १९६४ साली त्याने नमुन्याचे काही जोड आपल्या जुन्या गुरुजींना पाठवले. त्याला वाटले गुरुजी दोन-चार जोड विकत घेतील. गुरुजींनी थेट भागीदारी मागितली! दोघांनी पाच-पाचशे डॉलर घातले आणि ब्लू रिबन स्पोर्ट्स ही कंपनी काढली. १९७१ साली तिच्या बुटांना नवे नाव मिळाले: नाइकी. बूट विकायचे काम शिष्याचे, ते सुधारायचे काम गुरूचे.

आणि आता ते भांडे. सत्तरच्या सुमारास धावपट्ट्या मातीच्या जाऊन कृत्रिम पदार्थाच्या होऊ लागल्या होत्या. जुने खिळ्यांचे बूट त्यांवर नीट चालेनात. खिळे नसलेला, हलका, तरीही पकड घेणारा तळ हवा होता. १९७१ साली एके दिवशी न्याहारीच्या वेळी बाउअरमन यांची नजर बार्बराबाईंच्या वॉफलच्या साच्यावर गेली. (आजीसाठी सांगतो: आप्पेपात्राला गोल खळगे असतात, याला चौकोनी असतात, आणि वरचे झाकणही तसेच असते.) हे खळगे उलटे केले तर? त्यांनी साच्यात पातळ युरेथेन ओतले. आधी तेलासारखे काही लावायला मात्र ते विसरले. साचा जो चिकटून बसला तो पुन्हा उघडलाच नाही! लग्नात भेट मिळालेली वस्तू गेली. पण कल्पना टिकली. पुढचे साचे नीट जमले, १९७४ साली पेटंट मिळाले आणि तो तळ जगभर गेला. फेकून दिलेला तो मूळ साचा २०१० साली त्यांच्या जुन्या घराच्या आवारात कचऱ्याच्या खड्ड्यात गंजलेल्या अवस्थेत सापडला.

गुरुजी स्वतः विद्यार्थी होतात

१९६२ साली ऑरेगनच्या चार मुलांनी चार गुणिले एक मैल रिलेचा जागतिक विक्रम १६ मिनिटे ८.९ सेकंद असा केला. आधीचा विक्रम न्यूझीलंडचा होता. त्यामुळे त्या वर्षाच्या अखेरीस हा संघ न्यूझीलंडला गेला. तिथले प्रसिद्ध शिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी बाउअरमन यांना रविवारी सकाळी सहज म्हणून आपल्याबरोबर टेकडीवर धावायला नेले. बरोबर साधी माणसे होती. बायका, पुरुष, म्हातारे. एक्कावन्न वर्षांचे, जगज्जेते घडवणारे बाउअरमन थोड्याच वेळात धापा टाकू लागले! सत्तरी ओलांडलेले एक आजोबा त्यांना सोबत म्हणून मागे थांबले आणि गप्पा मारत मारत त्यांना वर घेऊन गेले.

दुसरा कोणी असता तर ओशाळून गप्प बसला असता. बाउअरमन रोज धावायला जाऊ लागले. परत आल्यावर १९६३ साली त्यांनी युजीनच्या गावकऱ्यांना हेवर्ड फील्डवर सावकाश धावायला बोलावले. आठवड्यागणिक गर्दी इतकी वाढली की कोणाला काही इजा होईल या भीतीने त्यांनी मध्येच सर्वांना घरी पाठवले, आणि डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांबरोबर कोणी किती धावावे याचा नीट अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे जॉगिंगविषयीचे पुस्तक १९६७ साली निघाले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिथेही नियम तोच: धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा.

म्यूनिक आणि त्यानंतर

१९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये बाउअरमन अमेरिकेच्या धावपटूंच्या संघाचे मुख्य शिक्षक होते. ५ सप्टेंबरच्या पहाटे अतिरेकी इस्राएलच्या खेळाडूंच्या निवासात घुसले. तिथून निसटलेला शाउल लदानी हा चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू धावत बाउअरमन यांच्याकडे आला. त्यांनी लगेच अमेरिकन वकिलातीला फोन लावून आपल्या निवासाला पहारा मागितला. त्या प्रसंगात इस्राएलच्या अकरा जणांचे प्राण गेले. युद्ध पाहिलेल्या या माणसाला ऑलिंपिकच्या अंगणातही तेच पाहावे लागले.

त्याच स्पर्धेत त्यांचा लाडका शिष्य स्टीव्ह प्रीफाँटेन, वय अवघे एकवीस, ५००० मीटरमध्ये चौथा आला. पहिल्यापासून सर्वांच्या पुढे धावायचे, जीव राखून धावायचेच नाही, असा त्याचा बाणा. कमी धाव हे सांगणे सर्वांत अवघड गेले असेल ते याला. १९७३ साली बाउअरमन यांनी संघाची सूत्रे आपलाच विद्यार्थी डेलिंजर याच्याकडे सोपवली. ३० मे १९७५ रोजी प्रीफाँटेन मोटार अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी. हेवर्ड फील्डवरच त्याची शोकसभा झाली आणि वृद्ध गुरूला शिष्याबद्दल बोलायला उभे राहावे लागले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बुटांचे तळ चिकटवण्यासाठी बाउअरमन जो गोंद वापरत त्याची वाफ विषारी होती. लहानशा, वारा न येणाऱ्या खोलीत ते वर्षानुवर्षे रात्री उशिरापर्यंत काम करत. त्यामुळे त्यांच्या पायांच्या नसा दुखावल्या. उतारवयात त्यांना चालणे जड जाऊ लागले. जगाला धावायला लावणारा माणूस आपण बनवलेले बूट घालून धावू शकत नव्हता. दुसऱ्यांच्या डोळ्यांतला थकवा ज्यांना दुरून दिसे, त्यांना स्वतःच्या शरीराची हाक ऐकू आली नाही. स्वतःसाठी त्यांनी हलका दिवस ठेवलाच नव्हता.

उतारवयात त्यांचा आपल्या पुण्याशी एक वेगळाच संबंध आला. १९८१ साली पुण्याच्या कोरेगाव पार्कमधून अमेरिकेत गेलेल्या रजनीशांचा मोठा आश्रम ऑरेगनमध्ये वसला, तो नेमका बाउअरमन यांच्या मुलाच्या कुरणाला लागून. आश्रमाने स्वतःचे शहर स्थापन केले तेव्हा १९८२ साली बाउअरमन यांनी त्याला विरोध करणारी नागरिकांची संघटना काढली आणि कायद्याच्या मार्गाने लढा दिला. १९८५ साली रजनीशांना अमेरिका सोडावी लागली. पुढे ते पुण्यालाच परतले. बाउअरमनही शेवटी आपल्या आजोळी, फॉसिलला, राहायला गेले. तिथेच २४ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२००९ सालापासून अमेरिकेतल्या विद्यापीठांतील सर्वोत्तम मैदानी खेळाडूला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. हेवर्ड फील्ड आता नव्याने बांधले आहे. जुलै २०२२ मध्ये तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. नीरज चोप्राने भालाफेकीचे रौप्यपदक जिंकले ते याच मैदानावर. आणि बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा आपला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावला तोही इथेच. तो अकरावा आला. पण तीनच आठवड्यांत त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत नवा राष्ट्रीय विक्रम करून रौप्यपदक मिळवले. एका शर्यतीवरून माणूस मोजायचा नसतो, हे गुरुजींनी नक्कीच मान्य केले असते.

पालकांना एक शब्द. आपण परदेशात आलो ते कष्ट करून. त्यामुळे मुलांनीही सतत काहीतरी करत राहावे असे आपल्याला वाटते. शनिवारी सॉकर, पियानो, गणिताची शिकवणी, रविवारी पोहणे आणि आपला मराठी वर्ग. यातले काही वाईट नाही. पण आपल्या मुलाचा आजचा वेग कोणता आणि आपण मागतो आहोत तो कोणता, हे दोन आकडे कधीतरी एका कागदावर लिहून पाहावेत. आठवड्यात हलका दिवस आहे का तेही पाहावे. बाउअरमन आळशीपणाचे पुरस्कर्ते नव्हते. कसून करायच्या दिवशी ते कोणालाही सूट देत नसत. पण विसावा हे कष्टाचे बक्षीस नाही, तो कष्टाचाच अर्धा भाग आहे, हे त्यांनी चोवीस वर्षे घड्याळ हातात घेऊन दाखवून दिले.

(मुलांनो, हा परिच्छेद मराठी वर्गाला दांडी मारण्यासाठी वापरायचा नाही!)

गृहपाठ: स्वयंपाकघरातल्या काट्यावर, खाली कागद घालून आणि आईला विचारून, आपल्या एका बुटाचे वजन करा. शाळेच्या मैदानाच्या एका फेरीत आपली किती पावले होतात ते मोजा. म्हणजे एका फेरीत तुमचे पाय एकूण किती किलो उचलतात? उत्तर मराठी आकड्यांत लिहून पुढच्या वर्गाला आणा.